पाकिटामागची नावं

सुई टेकली की आधी ऐकू येतो तो बास गिटार. एकटाच. त्याला ठरलेली चाल नाही. दोन-तीन स्वरांभोवती तो घुटमळत राहतो, मध्येच थांबतो, मध्येच एखादा स्वर ओढून सोडून देतो. मग ड्रम येतात, तेही कसलीच घाई नसल्यासारखे. आणि मग मायक्रोफोनला जवळजवळ ओठ टेकवून एक पुरुष फ्रेंचमध्ये बोलू लागतो. गात नाही, बोलतो. रात्रीची वेळ आहे, तो गाडी चालवतो आहे. गाडी १९१० सालची रोल्स रॉईस, सिल्व्हर घोस्ट. बॉनेटवरच्या चांदीच्या पुतळीकडे बघता बघता त्याचं रस्त्यावरचं लक्ष उडतं आणि गाडी एका सायकलीला धडकते. सायकलवर लाल केसांची एक इंग्रज मुलगी असते. साडेसात मिनिटांच्या या पहिल्या तुकड्याच्या शेवटी तो तिला नाव विचारतो आणि ती सांगते: मेलोडी नेल्सन.

सर्ज गेंझबूरचा 'इस्त्वार द मेलोडी नेल्सन', म्हणजे मेलोडी नेल्सनची गोष्ट, हा आल्बम फिलिप्स कंपनीने २४ मार्च १९७१ रोजी फ्रान्समध्ये बाजारात आणला. सात तुकडे, सगळे मिळून जेमतेम २८ मिनिटं. गेंझबूर तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता आणि फ्रान्समध्ये त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. १९६५ साली त्याने लिहिलेल्या गाण्यावर फ्रान्स गाल या कोवळ्या गायिकेने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली होती. १९६९ साली जेन बर्किनबरोबर त्याने गायलेल्या शृंगारिक द्वंद्वगीतावर बीबीसीने बंदी घातली आणि तरीही ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अशा माणसाकडून कंपनीची काय अपेक्षा असणार हे उघड आहे. त्याने हातात ठेवलं ते हे. दोन टोकांना साडेसात-साडेसात मिनिटांचे दोन बोलके तुकडे आणि मध्ये दीड ते चार मिनिटांची गाणी. रेडिओवर वाजवावं असं त्यात फारसं काही नव्हतं. रेकॉर्ड खपली नाही. ज्याँ-क्रिस्तोफ आव्हर्ती या दिग्दर्शकाने त्याच वर्षी सगळ्या गाण्यांचा एक टीव्हीपट केला. सररिअलिस्ट चित्रांच्या पार्श्वभूमीवर गेंझबूर आणि बर्किन त्यात तरंगताना दिसतात. त्यानेही फरक पडला नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं ही रेकॉर्ड फार थोड्या लोकांच्या प्रेमावर जगली.

त्या थोड्या लोकांपैकी कुणीतरी तिची नक्कल एका कॅसेटवर उतरवली होती आणि ती कॅसेट, कुणाकुणाच्या हातांतून फिरत, पुण्यात माझ्यापर्यंत आली. मी तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत होतो. कॅसेटच्या एका बाजूला शिकवणीचे संवाद होते: दुकानात पाव कसा मागायचा, स्टेशनचा रस्ता कसा विचारायचा. दुसऱ्या बाजूला हे. कडेच्या पट्टीवर बॉलपेनने फक्त 'फ्रेंच' असं लिहिलेलं. गाणारा कोण, वाजवणारे कोण, कधीचं, कुठलं, काहीच नाही. मला त्यातलं निम्मंही समजत नव्हतं. पण पाव मागणारी बाजू मी नाइलाजाने ऐकायचो आणि ही बाजू रात्री दिवा घालवून. पुढे ती कॅसेट ज्याची होती त्याच्याकडे गेली आणि माझ्या आयुष्यातून नाहीशी झाली. राहिला तो कानातला बास.

बऱ्याच वर्षांनी एका मित्राच्या गाडीत बेक या अमेरिकन गायकाचं 'पेपर टायगर' लागलं होतं. २००२ सालच्या 'सी चेंज' या आल्बममधलं गाणं. बास सुरू झाला आणि मी मित्राला बोलणं थांबवायला सांगितलं. स्वर वेगळे होते, पण चाल तीच होती. ती चालण्याची तऱ्हा, ते थांबणं, आणि उशिरा येऊन मध्येच छेद देणारी व्हायोलिनं. बेकने आपलं ऋण लपवलेलं नव्हतं, त्यामुळे तिथून गेंझबूरपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मग कळलं की वाट विचारत तिथे पोचलेला मी एकटा नव्हतो. डेव्हिड होम्सने १९९७ सालीच ही धून उचलून आपला तुकडा बांधला होता, आणि 'एअर' या फ्रेंच जोडीच्या संगीतात तर हिचा श्वासच ऐकू येतो. जी रेकॉर्ड आपल्या देशात पडून होती, तिला पुढच्या पिढीच्या वादकांनी शोधून काढलं. समीक्षकांनी नव्हे, कंपनीनेही नव्हे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाजवणाऱ्यांनी वाजवणाऱ्यांना ओळखलं.

आता शब्द समजत होते, आणि त्यातून पहिलं जे समजलं ते सुखाचं नव्हतं. मेलोडीचं वय चौदा-पंधरा. बोलणारा माणूस तिच्या बापाच्या वयाचा. तो तिला आरशांनी आणि रोकोको नक्षीने भरलेल्या एका खोलीत नेतो. गेंझबूरवर नाबोकोव्हच्या 'लोलिता'ची दाट छाया होती. त्या कादंबरीतली कविता संगीतबद्ध करण्याची त्याची इच्छा होती, परवानगी मिळाली नव्हती. ही रेकॉर्ड त्या इच्छेतूनच वाढली आहे. कलाकृती थोर म्हणून या गोष्टीकडे काणाडोळा करावा असं मला वाटत नाही. निवेदक दयनीय आहे याची जाण रेकॉर्डला आहे. त्याच्या आवाजात कुठेही विजय नाही. पण एवढ्याने भागत नाही, कारण मुलीची बाजू इथे नाहीच. अठ्ठावीस मिनिटांत मेलोडीच्या वाट्याला काय आलं? स्वतःचं नाव, आणि 'आँ मेलोडी' या तुकड्यातलं हसू. ते हसू जेन बर्किनचं आहे. तिच्या भावाने, अँड्र्यूने, तिला गुदगुल्या करून हसवलं आणि ते टेपवर घेतलं. बस, एवढंच. जिच्या नावाने आल्बम आहे तिला त्यात एक अख्खं वाक्य नाही.

मुखपृष्ठावर बर्किनच उभी आहे, निळ्या पार्श्वभूमीवर, जीन्सचं बटण उघडं, छातीशी कापडी माकड धरलेलं. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि गरोदर होती. बटण उघडं ते पोटामुळे, आणि माकड ते पोट झाकण्यासाठी. जुलैमध्ये दोघांची मुलगी शार्लोत जन्मली. ते माकड बर्किनच्या लहानपणापासूनचं. १९९१ साली गेंझबूर गेला तेव्हा तिने ते त्याच्या शवपेटीत ठेवलं. रेकॉर्डमधल्या मुलीची गोष्ट एका पुरुषाने रचली, पण तिला चेहरा, हसू आणि स्वतःचं खेळणं एका खऱ्या बाईने दिलं. बर्किन २०२३ मध्ये गेली. त्यानंतर हे मुखपृष्ठ मी वेगळ्या नजरेने बघतो. तिच्याकडून किती घेतलं गेलं आणि श्रेयाच्या यादीत ते किती थोड्या जागेत मावलं, हे त्यात दिसतं.

मग ही रेकॉर्ड ऐकायची कशासाठी? माझं उत्तर संगीतात आहे, आणि त्या संगीताचा माग काढताना जो माणूस भेटतो त्याच्यात आहे.

ज्याँ-क्लोद वानिए. जन्म १९४३. मेलोडी नेल्सनच्या वेळी सत्तावीस वर्षांचा. संगीतविद्यालयाची पायरी न चढता वाद्यवृंद लिहायला शिकलेला, सुरुवातीला पाथे-मार्कोनी कंपनीत ध्वनिमुद्रण करणारा. आपल्याकडे स्टुडिओत ज्याला अरेंजर म्हणतात, ते त्याचं काम. १९६९ साली जॉनी हॅलिडेच्या गाजलेल्या 'क ज तेम' या गाण्याचं संयोजन त्याचं. मिशेल पोल्नारेफच्या गाण्यांमागेही तो होता. गेंझबूरशी त्याची गाठ चित्रपटसंगीताच्या निमित्ताने पडली आणि दोघांनी मिळून बरंच काम केलं. त्यातला एक चित्रपट नेपाळात गेलेल्या हिप्पींवरचा होता, 'ले शमँ द काटमांडू', १९६९. त्याच्या संगीताच्या टेप हरवल्याच असं धरून चालले होते. शेवटी २०१७ मध्ये ते संगीत रेकॉर्डवर आलं.

नेपाळातल्या त्या चित्रपटाच्या संगीतात सतार आहे. तो काळच तसा होता. लंडन-पॅरिसच्या पॉपमध्ये धुंदी दाखवायची झाली की सतार झंकारायची. आपल्या कानांना ते बहुतेक वेळा वरवरचं वाटतं, कारण स्वर तिथे नुसता शोभेला असतो, त्याच्याजवळ थांबायला कुणाला वेळ नसतो. मेलोडी नेल्सनमध्ये सतार औषधालाही नाही. तरी मला ती जास्त जवळची वाटते. तिचा पहिला आणि शेवटचा तुकडा जवळजवळ एकाच स्वरावर ठाण मांडून बसलेले आहेत. पाश्चात्त्य गाण्यात सुरावटीखालचे स्वरमेळ पुढे सरकत राहतात, ऐकणाऱ्याला कुठेतरी पोचवतात. इथे कुणी कुठे निघालेलंच नाही. षड्ज धरून ठेवावा तसा एक पाया धरलेला आहे आणि सगळं नाट्य त्याच्याभोवती सावकाश उलगडतं. विलंबिताची सवय असलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही.

वानिएची व्हायोलिनं तर ऐकण्यासारखी आहेतच. त्या काळच्या फ्रेंच गाण्यात तंतुवाद्यांचा ताफा गायकाच्या आवाजाखाली मऊ अंथरलेला असे. वानिए तसं करत नाही. तो आधी वाट बघायला लावतो. बास, ड्रम, गिटार आणि तो पुटपुटणारा आवाज यांना मोकळी जागा देतो, आणि मग अख्खा ताफा एकाच सुरावटीवर, एकाच वेळी, वरून तिरका उतरवतो. व्हायोलिनं दोन ओळींसाठी येतात आणि जातात. ती गेल्यावर जी शांतता उरते तीही त्यानेच लिहिलेली असते. 'लोतेल पार्तिक्युलिए' या तुकड्यात, त्या आरशांच्या खोलीत, निवेदक बोलत असताना मागची व्हायोलिनं त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत असं मला नेहमी वाटतं. शब्द मोह घालतात आणि वाद्यं सावध करतात. ज्या मुलीला बोलू दिलेलं नाही, तिच्या वतीने या रेकॉर्डमध्ये कुणी बोलत असेल तर तो वानिएचा वाद्यवृंद आहे.

शेवटच्या 'कार्गो क्युल्त'मध्ये हे टोकाला जातं. घरच्या ओढीने मेलोडी बोइंग ७०७ मालवाहू विमानाने इंग्लंडला, सन्डरलंडला, निघालेली असते. विमान पडतं. निवेदकाला न्यू गिनीतले ते लोक आठवतात, जे आकाशातून जाणारी विमानं आपल्या बेटावर उतरावीत म्हणून प्रार्थना करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्याच्या विमानांतून उतरणारा माल बघून मेलानेशियातल्या काही बेटांवर असे पंथ खरोखरच वाढले होते, लोकांनी तिथे बांबूची विमानं उभारली होती. आता हाही तसाच बसून राहतो, एखादं विमान तिला परत आणून टाकेल म्हणून. खाली पुन्हा तोच बास. आणि मग सत्तर जणांचं वृंदगान उसळतं, शब्दांशिवाय, बोलणाऱ्या माणसाला पुरतं बुडवून टाकत. रेकॉर्ड तिथे संपते. पॉप संगीतात असा शेवट मी दुसरा ऐकलेला नाही.

आता त्या बासवाल्याकडे येतो.

मूळ पाकिटावर वादकांची नावं छापलेली नव्हती. बास, गिटार, ड्रम हे सगळं एप्रिल १९७० मध्ये लंडनला, मार्बल आर्चजवळच्या फिलिप्सच्या स्टुडिओत वाजवलं गेलं. तंतुवाद्यं आणि वृंदगान पुढे पॅरिसच्या स्टुडिओ दे दाममध्ये त्यावर चढवलं. लंडनचे वादक सेशनचे होते. तीन तासांचं सेशन, ठरलेले पैसे, आणि दुपारी दुसरीकडे दुसऱ्या कुणाचं सेशन. आपण काय वाजवून आलो, ते कुठल्या देशात कुठल्या नावाने निघालं, याचा पत्ता त्यांना लागण्याचं कारणच नव्हतं. नव्वदीच्या दशकात जगभरच्या वादकांनी हा बास डोक्यावर घेतला तेव्हा प्रश्न आला की वाजवला कुणी? लंडनच्या त्या काळातल्या नामवंत सेशनवाल्यांची नावं पुढे आली. हर्बी फ्लॉवर्स, ज्याने ल्यू रीडच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'चा बास वाजवला. गिटारवर बिग जिम सलिव्हन, व्हिक फ्लिक. ऑक्टोबर २००६ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात हा आल्बम वानिएच्या उपस्थितीत, मोठ्या वाद्यवृंदासह, जाहीररीत्या सादर झाला. तेव्हा मूळ वादक म्हणून हीच ज्येष्ठ मंडळी मंचावर होती. ड्रमवर डगी राइट होता.

पुढे आणखी शोध झाला आणि कळलं की ड्रम खरोखरच डगी राइटचे, पण बास डेव्ह रिचमंडचा आणि गिटार अॅलन पार्करची. रिचमंड म्हणजे मॅनफ्रेड मान या बँडचा पहिला बासवादक. बँड प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर तो बाहेर पडला आणि नंतरचं आयुष्य त्याने सेशन वाजवण्यात काढलं. मनाला चटका लावणारी गोष्ट ही आहे की यात कुणीही खोटं बोललं नव्हतं. इतकी वर्षं, इतकी सेशनं, लक्षात कुणाच्या काय राहणार? कागदावर एक ओळ लिहिली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. ज्या बासवरून मी गाडीत एका क्षणात ही रेकॉर्ड ओळखली, तो वाजवणाऱ्या माणसाचं नाव जगाला ठाऊक व्हायला चार दशकं लागली.

बार्बिकनच्या त्या कार्यक्रमात दुसराही एक आल्बम सादर झाला. खरी दुर्मीळ रेकॉर्ड ती. 'लाँफाँ आसासँ दे मूश', माश्या मारणारं पोर. १९७२. हा आल्बम वानिएचा स्वतःचा. इथे निवेदक नाही, गायक नाही. आहेत ती वाद्यं, वृंदगान, आवाज, खडखडाट, आणि मध्येच फुटून निघणारी धून. गेंझबूरने हे संगीत ऐकून त्याला एक गोष्ट लिहून दिली: माश्या मारणारा एक मुलगा माश्यांच्या राज्यात जातो, त्यांच्या राजाला मारतो, आणि शेवटी माणसांसाठीच्या चिकट कागदात स्वतः अडकून मरतो. तुकड्यांची नावं त्या गोष्टीप्रमाणे आहेत. संगीत मात्र गोष्टीच्या मागे धावत नाही. भीषण आणि खेळकर यांच्यामधली रेघ वानिए सतत पुसत राहतो. लहान मुलांचं क्रौर्य मोठ्यांच्या वाद्यवृंदातून इतकं खरं उमटलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मेलोडी नेल्सनमधली व्हायोलिनं ज्याला आवडली त्याने इथे यायलाच हवं, कारण त्या व्हायोलिनांचा धनी इथे कुणाच्या आवाजामागे उभा नाही.

आणि या रेकॉर्डच्या प्रती निघाल्या किती? शंभराच्या आसपास. सुझेल नावाच्या छोट्या लेबलवर, दुकानांपेक्षा ओळखीच्या लोकांसाठीच. तेहतीस वर्षं ती संग्राहकांमध्ये दंतकथेसारखी फिरली. २००५ मध्ये मँचेस्टरच्या अँडी व्होटेल आणि त्याच्या साथीदारांनी फाइंडर्स कीपर्स हे लेबल सुरू केलं आणि त्यांचं पहिलं प्रकाशन हेच होतं. दुसऱ्या वर्षी बार्बिकन. साठी ओलांडलेल्या वानिएने आपलं तरुणपणचं काम भरल्या सभागृहात ऐकलं.

या सगळ्या मागोव्यात मला सर्वांत मोलाचं जे हाती लागलं ते मात्र मेलोडी नेल्सनच्याही आधीचं आहे. १९६८. 'ब्रिजित फॉन्तेन ए... फोल'. ब्रिजित फॉन्तेन वेडी आहे, असं तिने स्वतःच्या रेकॉर्डवर स्वतःच छापलं. संयोजन पुन्हा वानिएचं. फॉन्तेन ब्रिटनीतल्या मोर्लेची, जन्म १९३९, नाटक करायला पॅरिसला आलेली. तिला रेकॉर्ड काढू देणारं साराव्हा हे लेबल पिएर बारूचं. क्लोद लुलूशच्या 'एक पुरुष, एक स्त्री' या १९६६ सालच्या चित्रपटात त्याने काम केलं, त्याची गाणी लिहिली, आणि त्या गाण्यांच्या कमाईवर एक असं लेबल उभं केलं जिथे कुणी कलावंताला घाई करत नसे.

फॉन्तेन शब्द स्वतः लिहिते. ती बोलते तेव्हा दुसरं कुणी तिच्या वतीने बोलत नाही. एका गाण्यात ती पुरुषालाच शोभेची वस्तू करून बघते. एकात ती सरळ सांगते की या समाजात मी बसत नाही. कॅन्सरवर ती एक हलकंफुलकं गाणं म्हणते आणि ऐकणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही. आवाज शांत, जवळचा, थोडा गुदमरलेला. आणि वानिएची वाद्यं इथे काय करतात तर तिच्या प्रत्येक वाक्याला स्वतंत्र खोली देतात. कुठे नुसता पावसासारखा एक स्वर, कुठे सर्कशीचा बँड, कुठे काहीच नाही. तीन वर्षांनी ज्या कसबाने त्याने न बोलणाऱ्या मेलोडीभोवती नाट्य उभं केलं, तेच कसब इथे एका बोलणाऱ्या बाईच्या हाताखाली आहे. माझ्या मते ते इथेच जास्त उजळलं आहे. गेंझबूर जगाला ठाऊक आहे. पॅरिसमधल्या र्यु द व्हर्नयवरचं त्याचं घर २०२३ पासून संग्रहालय झालं आहे. फॉन्तेनची ही रेकॉर्ड नव्या पिढीसाठी पुन्हा निघाली, पण भारतात तिचं नाव घेणारा मला क्वचितच भेटतो.

फाइंडर्स कीपर्सने पुढे २०११ मध्ये हिंदी भयपटांतल्या पार्श्वसंगीताचा आणि गाण्यांचा संग्रहही काढला. म्हणजे वानिएला शोधणारे लोक शोधत शोधत मुंबईच्या स्टुडिओंपर्यंत आले. त्यांना इथे तीच अडचण आली असणार जी लंडनच्या बासवाल्याबाबत आली होती. पाकिटावर संगीतकार, गायक, गीतकार. त्यामागे वाजवणारे, आणि ते वाजवायला लिहून देणारे, कुठेच नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनांच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा, असे किती गोवेकर अरेंजर आपल्या गाण्यांच्या मागे उभे आहेत. गोन्साल्विसांचं नाव घराघरांत पोचलं ते १९७७ साली, शिष्य प्यारेलालांनी एका चित्रपटातल्या गाण्यात ते गोवलं म्हणून. लोकांना ते एका पात्राचं नाव वाटलं. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने मुंबईत येऊन जुन्या वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं, म्हणून निदान काही नावं वाचली. मराठी भावगीतांच्या रेकॉर्डवर बासरी कुणाची, मेंडोलिन कुणाचं, व्हायोलिन कुणाचं, हे सांगणारं असं पुस्तक अजून माझ्या हाती आलेलं नाही.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगतो. फ्रेंच येत असो वा नसो, फॉन्तेनचा १९६८ चा आल्बम आधी ऐका, मग मेलोडी नेल्सन, मग माश्या मारणारं पोर. तिन्ही आज सहज ऐकायला मिळतात. आणि तुमच्या घरी, शेजारी, नात्यात कुणी रेकॉर्डिंगला वाजवणारे असतील, रेडिओवर, एचएमव्हीत, चित्रपटांच्या स्टुडिओत, तर त्यांच्यापुढे जुनी पाकिटं ठेवा आणि विचारा, यात तुम्ही कुठे आहात, तुमच्या शेजारी कोण बसलं होतं. जे सांगतील ते पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून तारीख घाला. त्यांतले बरेच जण आता ऐंशीच्या पुढे आहेत.